आईच्या हिरड्यांचं रक्त

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या भाद्रपदात, गौरी जेवायच्या दिवशी सकाळी, ब्रह्मा घाटावरच्या आमच्याच घरात. करणारे आम्ही घरचेच.

दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त आलं. काकू म्हणाली, "तोंडात रक्त घेऊन सोवळ्याचा स्वयंपाक करणार तू? राहू दे, मीच करते." आईने उपाय काढला. ब्रशच बंद! एकादशीला दात न घासता बारा चुळा भरायच्या, ही आमच्या घरची रीत. ती तिने रोजची केली. रक्त दिसेनासं झालं, सगळे खूश.

मी तेव्हा गल्लोगल्ली आरोग्याची पत्रकं वाटत होते. आईच्या तोंडात एकदाही डोकावले नाही.

माघात तिची बोटं सकाळी वळेनात. "अगं, ठंडी आहे, बस," ती म्हणायची. डॉक्टरांनी आमवात सांगितला आणि विचारलं, "हिरड्या कशा आहेत?" हिरड्यांचा जुना आजार आणि आमवात यांचा संबंध असतो, असं ते म्हणाले. तिचा आमवात त्यामुळेच झाला, असं छातीठोक सांगता येत नाही. पण हिरड्यांवर वेळेत उपचार झाले असते, एवढं नक्की. ते आम्ही होऊ दिले नाहीत. आता तिच्या हातात लाटणं ठरत नाही.

तुमच्या घरात कुणाची बोटं सकाळी आखडतात? हिरड्यांतून रक्त येतं का, आजच विचारा. येत असेल तर उद्या दातांच्या डॉक्टरकडे न्या, आणि सांध्यांच्या डॉक्टरलाही ते सांगा.