टिंबांचं कुंभकोणम

सीतालक्ष्मीचा डावा पाय चौदाव्या वर्षी सुजायला लागला आणि मग तो सुजलेलाच राहिला. आधी घोट्यापाशी, मग पोटरीपर्यंत. कुंभकोणमात याचं कुणाला नवल नव्हतं. दर चार-सहा घरांआड असा एक पाय असे, लुगड्याखाली किंवा पुरुषांच्या धोतरासारख्या वेष्टीखाली झाकलेला. त्याला हत्तीपाय म्हणत, पण घरच्या माणसाबद्दल कुणी तो शब्द उच्चारत नसे. ‘तिला पायाचं आहे,’ एवढंच म्हणत.

अठराव्या वर्षी तिला बघायला तंजावरहून माणसं आली होती. बसली होती तोवर सगळं छान चाललं होतं. मग कुणीतरी तिला पाणी आणायला सांगितलं आणि ती उठली. त्यानंतर कुणी बघायला आलं नाही, आणि तिनंही वाट पाहिली नाही.

तिचे वडील हनुमंतराव सर्व्हे खात्यात नकाशे उतरवत. तंजावरच्या राजवाड्यात त्यांचे पूर्वज कागद लिहीत. हे शाईवर शाई घालत नकाशे करीत. घरात मराठी बोलायची, ओट्याखाली पाऊल टाकलं की तमिळ. आई लवकर गेली, त्यामुळे सीतालक्ष्मी लहानपणापासून वडिलांच्या उतरत्या मेजाशी बसे. बारीक टाकानं नदीची रेघ कशी ओढायची, श्वास कुठे धरायचा, कुठे सोडायचा, हे ती अक्षरांबरोबरच शिकली. शाळेची शेवटची परीक्षा गणितात पहिली येऊन उतरली, आणि पुढची तेरा वर्षं ती घरातच राहिली.

१९५६ साली सरकारनं हत्तीरोगाचा शोध घेण्यासाठी गावात एक पथक बसवलं. स्टेशनाकडच्या रस्त्यावर एक घर भाड्यानं घेतलं, आणि आकडेमोडीसाठी गणक पाहिजे अशी चिठ्ठी दारावर लावली. सीतालक्ष्मी जटक्यात, एका घोड्याच्या गाडीत, बसून गेली. पथकाचे प्रमुख डॉक्टर चंद्रमौळी मद्रासहून आलेले, चाळिशीचे, अबोल गृहस्थ होते. त्यांनी तिच्या पायाकडे पाहिलं, डॉक्टर पाहतो तसं, आणि मग एक लांबलचक बेरीज तिच्यापुढे सरकवली. तिनं ती तोंडी केली.

“अम्मा, रोज येणं जमेल?”

“जटकेवाला आमच्याच गल्लीतला आहे,” ती म्हणाली.

या रोगाचे जंतू दिवसा शरीरात खोल दडून बसतात आणि रात्रीच अंगाच्या वरच्या रक्तात येतात. म्हणून पथकाची माणसं रात्री दारोदार जाऊन बोटातून थेंबभर रक्त घेत. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली ते बघत आणि दुपारपर्यंत चिठ्ठ्यांचा गठ्ठा सीतालक्ष्मीच्या मेजावर येई. घराचा क्रमांक, वय, बाई की पुरुष, जंतू किती. तिच्यापुढे हातानं फिरवायचं एक काळं गणितयंत्र होतं. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी, आणि आकडा शून्याच्या खाली गेला की बारीकशी घंटा वाजे. दुपारी गाव झोपलेलं असे, बाहेर पिंपळाची पानं सळसळत, आणि त्या खोलीत दांडा फिरत राही. कधीकधी तिला वाटे, आपण जात्यावर बसलोय आणि पिठाऐवजी माणसं खाली पडताहेत, वयानं, क्रमांकानं, पांढरी पांढरी.

डॉक्टरांचा बेत ठरलेला होता. गावातल्या तळ्यांत हा रोग पसरवणारे डास होतात, तेव्हा तळ्यांवर तेल फवारायचं. पण तळी देवळांची. कुणी परवानगी देईना. डॉक्टर सभेत जात, आकड्यांचे तक्ते वाचून दाखवत, लोक आदरानं ऐकत आणि कॉफी पिऊन घरी जात.

“आकड्यात कुणाला काही दिसत नाही,” एकदा ते चिठ्ठ्या चाळत म्हणाले.

“नकाशा काढू?” सीतालक्ष्मीनं विचारलं. “एका माणसाला एक टिंब.”

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मेजावर मोठा कागद होता.

वडिलांच्या जुन्या नकाशावरून तिनं गाव उतरवलं. वर कावेरी, खाली अरसलार नदी, मध्ये तळी, देवळं, गल्ल्या, प्रत्येक घराची चौकट. मग टिंबं. रक्तात जंतू सापडले तर तांबडं, हात किंवा पाय सुजला असेल तर काळं. डिसेंबरात, मार्गळीच्या थंडीत तिनं सुरुवात केली आणि फेब्रुवारीत मासी महिना लागला तरी टिंबं संपली नव्हती. हळूहळू असं झालं, की डोळे मिटले तरी गाव दिसे. पण रस्त्यावरून दिसतं तसं नाही. वरून, घारीला दिसतं तसं. कौलं विरघळून जात. आत माणसं निजलेली, आणि प्रत्येकाच्या उशाशी एक तांबडा ठिपका, पाण्यात सोडलेल्या दिव्यासारखा हलता. ती त्यांच्यावरून तरंगत जाई. तिथे तिला पाय नसे. म्हणजे ना सुजलेला, ना चांगला. जटक्यातून घरी येताना ती ओळखीच्या ओट्यांकडे बघे आणि मनात म्हणे, इथे दोन तांबडी, एक काळं. ओट्यावरची माणसं हात हलवत. तीही हलवी.

आपल्या घरावर तिनं एक काळं टिंब काढलं. शेजारच्या टिंबांएवढंच, कणभरही मोठं किंवा लहान नाही.

नकाशा सभागृहात सगळ्या गावापुढे टांगायचा, असं ठरलं. ही बातमी फुटली आणि एका दुपारी सीतालक्ष्मीच्या घरासमोरच्या अंबाबाई कचेरीच्या ओसरीवर येऊन बसल्या. त्यांची मुलगी धनलक्ष्मी एकोणीस वर्षांची. पाय अगदी सडसडीत; पण रक्तात जंतू सापडले होते.

“सीता, तो नकाशा भिंतीस लावणार म्हणे.”

“हो, अंबाक्का.”

“त्यात आमचे घर आहे?”

“सगळ्यांची आहेत.”

अंबाबाई पदराच्या काठाशी चाळा करत राहिल्या. “पुढल्या महिन्यात तिरुनीलक्कुडीची माणसे पोरीस बघावयास येणार. आमच्या घरावरचे तांबडे टिंब तेवढे पूस. एक टिंब गेले तर सरकारास काय उणे पडते?”

सीतालक्ष्मीला तो पाण्याचा तांब्या आठवला आणि उठताना झालेली शांतता आठवली. “बघते,” ती म्हणाली.

तिनं डॉक्टरांना सांगितलं.

“एक पुसलं की दुसरं पुसावं लागेल, अम्मा. मग उरतं काय?”

“पुसायचं नाही. टिंब जिथे आहे तिथेच राहू दे. मी घरं काढून टाकते.”

“म्हणजे?”

“घर नाही, गल्ली नाही, नाव नाही. नद्या ठेवते, तळी ठेवते आणि टिंबं. कुणाचं कुठलं ते कुणाला कळणार नाही.”

टिंबांच्या नकाशावर तिनं पारदर्शक मेणकापड पसरलं आणि खालची टिंबं एकेक करून वर उचलली. नऊ दिवस लागले. ज्या घरांवरून आपण इतके दिवस तरंगत होतो ती एकेक करून निजावीत तशी नाहीशी होताहेत, असं तिला वाटत होतं. नवव्या दिवशी दुपारी तिनं कापड सोडवलं आणि शाई वाळली का हे बघायला खिडकीच्या उजेडात धरलं.

टिंबं विखुरलेली नव्हती. तळ्यांभोवती ती तुरळकच होती. पण जुन्या बाजाराच्या मागून निघून, एक हलकंसं वळण घेत, थेट अरसलारपर्यंत ती दाटीनं चालली होती, मुंग्यांच्या रांगेसारखी. त्या जागी नकाशात पाणी नव्हतं. घरांच्या चौकटी होत्या तोवर नजर गल्लीगल्लीनं फिरायची, गल्ल्यांना आडवं जाणारं हे वळण तिला दिसलंच नव्हतं. ती किती वेळ कापड धरून उभी होती कोण जाणे. हात भरून आले तेव्हा भानावर आली.

कापडाची गुंडाळी घेऊन ती घरी गेली. हनुमंतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी कापड नाकाशी धरलं आणि त्या वळणावरून बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं, पुन्हा चाललं.

“हे जुने वडिकाल,” ते म्हणाले.

“ते काय, अप्पा?”

“सांडपाण्याचा पाट. माझ्या आज्याच्या काळी उघडा होता म्हणत. मग वर शिळा घातल्या, शिळांवर माती आली, मातीवर लोकांच्या मागील दारांच्या भिंती. मी नोकरीस लागलो तेव्हा तो नकाशात नव्हताच.” त्यांनी कापड खाली ठेवलं. “नकाशातून गेला म्हणोन पाणी जाते काय, बाळ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर, पथकाचा निरीक्षक नटराज आणि सीतालक्ष्मी त्या वळणावरून चालत निघाले. ती आली नाही तरी चालेल असं डॉक्टर म्हणाले होते; ती आली. परसांतून, केळींच्या आळ्यांतून, धुण्याच्या दगडांवरून. पाय दुखायला लागला की ती भिंतीला टेकून उभी राही आणि ते दोघे न सांगता थांबत. एका परसात नारळाखाली जमीन पोकळ वाजली. नटराजनं दोन माणसांना बोलावून शिळा पहारीनं उचलली. आतून डासांचा धूर उठला. खाली काळं, न हलणारं पाणी होतं. नटराजनं लांब दांड्याची पळी बुडवून वर आणली, आणि पळीतलं पाणी स्वतःच वळवळत होतं.

डॉक्टर त्याकडे बघत राहिले. “मी वर्षभर तळ्यांच्या मागे होतो,” ते म्हणाले, आणि मग सीतालक्ष्मीकडे वळून, “चला, अम्मा. सभेत हे तुम्हीच सांगा.”

सभेत तिनं सांगितलं, तमिळमध्ये, हळू आवाजात. कापड भिंतीवर लावलं होतं आणि मागे खिडकी होती, म्हणून टिंबं उजेडात लोंबत असल्यासारखी दिसत होती. लोक उठून जवळ आले. प्रत्येक जण आपलं घर शोधत होता आणि कुणाला सापडत नव्हतं. मग कुणीतरी वळणावरून बोट फिरवलं, दुसऱ्यानं फिरवलं, आणि एक म्हातारा म्हणाला की आपल्या परसात पावसाळ्यात जमिनीखालून आवाज येतो. त्यानंतर परवानगीचा प्रश्न उरला नाही. अंबाबाई मागच्या रांगेत उभ्या होत्या. जाताना त्यांनी सीतालक्ष्मीचा हात एकदा दाबला.

शिळा उचलल्या गेल्या. गाळ निघाला, पाण्याला वाट झाली, दर आठवड्याला तेल पडू लागलं. घरोघर गोळ्या दिल्या. त्या घेतल्या की ताप येई. लोक कुरकुरले, पण घेतल्या. धनलक्ष्मी दोन दिवस तापानं फणफणली. तिरुनीलक्कुडीचं स्थळ शेवटी पत्रिकेवरून फिसकटलं. पुढच्या वर्षी मरुदानल्लूरहून दुसरं आलं, तेव्हा अंबाबाईंनीच त्यांना सांगितलं, “पोरीच्या रक्तात ते होते. आता नाही.” मुलाच्या आईनं विचारलं, औषध कुठे मिळतं? आमच्याकडेही आहेत दोघे. लग्नात सीतालक्ष्मी पुढच्या सतरंजीवर बसली होती.

तिचा पाय काही उतरला नाही. एकदा आलेली सूज गोळ्यांनी जात नाही, हे डॉक्टरांनी तिला पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. रोज धुवायचा, कोरडा ठेवायचा, रात्री उशीवर घ्यायचा. ते ती करी. तिची नोकरी दरवर्षी एकेक वर्षानं वाढत गेली. मद्रासच्या मोठ्या कचेरीनं मेणकापड मागवून घेतलं आणि दुसऱ्या गावांच्या पथकांनाही तसे नकाशे करायला सांगितलं. दोन पथकांचे गणक तिच्याकडे शिकायला येऊन राहिले. त्यांना तिनं आधी श्वास कुठे धरायचा ते शिकवलं.

१९५९च्या उन्हाळ्यात पुन्हा सगळ्या गावाचं रक्त तपासलं. चिठ्ठ्या आल्या, दांडा फिरला, आणि तिनं नवं कापड ताणलं. या वेळी लहान मुलांचा नकाशा वेगळा काढायचा होता, पाट साफ झाल्यावर जन्मलेल्यांचा. तिनं कावेरी काढली, अरसलार काढली, तळी काढली. जुन्या बाजारामागच्या मुलांच्या चिठ्ठ्या घेतल्या आणि पहिली उलटली. शून्य. दुसरी. शून्य. ती एकेक चिठ्ठी उजवीकडे ठेवत गेली. बाहेर दुपार टळत होती, कुठे तरी परसात एक मूल मोठ्यानं हसत होतं, आणि गठ्ठा संपला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की टाकाच्या टोकावरची तांबडी शाई केव्हाच वाळून गेली आहे.