दगडावरचा हात

नदी ओलांडायच्या आधी आमची गाइड इंग्रिड काठाशी खाली बसली, ओल्या दगडावर तळहात टेकवून तिने डोळे मिटले. उत्तर ध्रुवाकडच्या त्या डोंगरांत वाट दाखवता दाखवता निसर्गाशी बोलायची जुनी रीतही ती शिकवायची. "पाण्याला विचारते," एवढंच म्हणाली. आम्ही पाच जण सॅक न उतरवता उभे. पाणी वितळत्या बर्फाचं, मांडीपर्यंत तरी असेल आणि वाढत होतं. मुक्कामाची झोपडी पलीकडे होती. धुकं भराभर खाली उतरत होतं.

"विचारलंत ना? मग चला," मी म्हणालो.

"विचारलं. अजून उत्तर ऐकलं नाही."

मला रागच आला. परवानगी आपणही मागतोच की. सकाळी जमिनीला पाय लावण्याआधी, तुळशीचं पान खुडण्याआधी. पण मागतो आणि त्याच दमात पाय टेकतो, पान खुडतो. इकडे यायला निघताना अंथरुणाला खिळलेल्या आईला मी विचारलं होतं, "जाऊ ना गं?" तेव्हा बॅगेची चेन लावून झाली होती. "जा की," म्हणून तिने भिंतीकडे कूस बदलली. मी रिक्षा बोलावली.

इंग्रिड उठली. तिचा चेहरा उतरला होता. "मला कळत नाहीये. तुम्ही विचारून बघा."

मी गुडघे टेकले. दगड इतका गार, की बोटं बधिर झाली. मी विचारलं, आणि हात तसाच ठेवला. मागे कुणीतरी अस्वस्थपणे खाकरलं.

समोरून "नको" येईल, या भीतीने मी प्रथमच ऐकत होतो.