ओळखीचे दात

“हे टेबल काय डोक्यावर घेऊन विमानात बसणार आहेस?” मास्तर ओरडला.

“बसेन. डोकं माझं आहे.”

“अगं, महिनाभर तूच म्हणत होतीस, हे आधी घालवा. घेणारी बाईसुद्धा तूच शोधलीस. उद्या सकाळी नऊला सामान मोजणारा यायचाय, आणि आज म्हणतेस द्यायचं नाही.”

“मन बदललं माझं.”

“परवा गालिच्यावरून बदललं. काल कपाटावरून बदललं. एकदाच काय ते सगळं बदलून घे बाई, म्हणजे मला रोज नवी यादी करायला नको.”

रविवारची दुपार होती, जेवणं अर्ध्यावर आली होती, आणि ज्या टेबलावरून भांडण चाललं होतं त्याच्यावरच ताटं मांडलेली होती. घडीचं टेबल, एका पायाखाली पुठ्ठा, लग्न झालं त्या वर्षी कुणाकडून तरी जुनं घेतलेलं, ‘तात्पुरतं’ म्हणून. पंधरा वर्षांची थोरली मान खाली घालून बटाट्याचे तुकडे ताटाच्या या कडेचे त्या कडेला करत होती. नऊ वर्षांचा धाकटा मात्र आईकडे टक लावून बघत होता.

“आई, आजची भांडी तुझी,” तो म्हणाला.

“का म्हणून?”

“तू बाबांच्या भाषेत भांडतेयस. मघापासून.”

नियम तिचाच होता. जेवताना आईची भाषा बोलायची, चुकेल त्याने भांडी घासायची. तिचा नवरा, मास्तर, याच गावात जन्मलेला. तिचं गाव सात तास विमानात बसलं की येणारं. आपण इथे चार वर्षं राहू आणि मग माझ्या घरी जाऊ, हे तिने लग्नाआधीच सांगून ठेवलं होतं. तोवर मुलांची जीभ तयार राहायला हवी. सोळा वर्षांत मास्तरने डोंगराएवढी भांडी घासली होती, मुलांनीही घासली होती. तिच्यावर ती वेळ कधी आली नव्हती. आज मास्तर एवढा भडकलेला असूनही शिस्तीत तिच्या भाषेत ओरडत होता, आणि ती त्याच्या भाषेत त्याला ठणकावून उत्तरं देत होती. तिच्या ते गावीही नव्हतं.

“सापडलीस शेवटी,” मास्तर म्हणाला. राग विसरून त्याला हसू आलं होतं.

तिला नाही आलं. ती उठली आणि ताटं गोळा करायला लागली. थोरलीचं जेवण व्हायचं होतं, तिचंही ताट उचललं.

गावात तिला कवळीवाली म्हणत. तोंडावर नाही, मागे. पण तिला ठाऊक होतं आणि त्यात तिला काही वाईट वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती, त्यात तीन टेबलं, प्लास्टरची धूळ आणि एक कायम गळणारा नळ. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेऊन पाठवायचे. ती त्यावर मेणाची हिरडी उभी करायची आणि एकेक दात बसवायची. सगळे सरळ आणि पांढरेशुभ्र बसवणं सोपं असतं. ते कुणीही करतं. ती पेशंटचा जुना फोटो मागवून घ्यायची. समोरचा दात किंचित आडवा होता का? हसताना उजवीकडचा आधी दिसायचा का? मग मेणात तेवढाच आडवा करायची. माणसं कवळी लावून आरशात बघायची आणि म्हणायची, अरे, हा तर मीच.

लग्नाच्या दोन वर्षं आधी ती याच कामासाठी गावात आली होती. अठरा वर्षांत गावातल्या साठीपुढच्या निम्म्या तोंडांत तिच्या हातचं काहीतरी बसलं होतं. बाजारात कुणी लांबून हसलं तरी तिला आधी दात ओळखू यायचे, मग माणूस.

पण हे ती घरी कधी बोलली नाही. घरी ती बोलायची ते ‘माझ्या घरी’. आमच्याकडे खिडक्या अशा नसतात. आमच्याकडे कुणी न सांगता जेवायला आलं तर तोंड वाकडं करत नाहीत. सासूबाई एक शब्द उणा बोलल्या की हिचं तयार: थोडे दिवस राहिलेत आई माझे इथे. चांगलं टेबल घ्यायचं नाही, कारण जायचंय. कुत्रा पाळायचा नाही, कारण जायचंय. भिंतीला रंग द्यायचा तर घरमालकाच्या आवडीचाच देऊ, आपल्याला काय करायचंय. जाण्याच्या तारखेने दर वर्षी पुढच्या वर्षात उडी मारली. धाकट्याचा तर वर्गात तीनदा निरोप झाला. तिसऱ्या वेळी कुणी भेटकार्डसुद्धा केलं नाही.

मास्तर आधी ऐकून सोडून द्यायचा. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. विमान मिळून ती पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर महिनाभर ती कामावर जायची, यायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. मास्तरने ते मनाला लावून घेतलं. बावीस वर्षं गाडी शिकवणारा माणूस, म्हणूनच गावाचा मास्तर, अर्धं गाव त्याच्या शेजारी बसून ब्रेक दाबायला शिकलेलं. तिकडे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूने चालतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो तिकडे जाऊन उलट्या बाजूने गाडी चालवायला शिकला, शिकवण्याची परीक्षा दिली आणि नापास झाला. ज्याने हजार जणांना पास केलं तो स्वतः नापास! गावात कुणाला कळू दिलं नाही. चार महिन्यांनी पुन्हा गेला आणि पास होऊन आला. दारातच तिच्या हातात तो कागद दिला. “चल,” म्हणाला, “तुझ्या घरी.”

ज्यासाठी दाताच्या कण्या केल्या ते असं हातात येऊन पडलं. तिच्या भावाने वरचा मजला रिकामा करून रंगवून ठेवला. मास्तरने तीन आठवड्यांपूर्वी नोकरीचा राजीनामा दिला. सासूबाईंची सोय नणंदेकडे झाली. सगळे तिच्यासाठी कामाला लागले होते.

आणि तिला जायचं नव्हतं.

हे तिला कळलं ते वसंतात, तीन आठवडे एकटी तिकडे घर बघायला गेली तेव्हा. तसं काही वाईट झालं नव्हतं. भावजयीने साधा पेलासुद्धा धुऊ दिला नाही. “ताई, तुम्ही बसा.” भावाने गाडी दिली, तर ती पहिल्याच वळणावर चुकीच्या बाजूला गेली. नोकरी ठरली होती त्या दात बनवण्याच्या ठिकाणी जाऊन आली. मालक सज्जन, टेबल उजेडाचं. तिने नमुन्याची एक कवळी करून दाखवली, समोरचा दात किंचित आडवा ठेवून. मालक म्हणाला, “हात छानच आहे तुमचा. पण असा वाकडा दात आमच्याकडे कुणी घेणार नाही बरं का.” ती हसली, हो म्हणाली आणि सरळ केला.

मग शेवटच्या दिवशी चौकातल्या बाकावर बसली होती. बाजाराची वेळ. म्हातारी माणसं येत होती, जात होती, भाव करत होती, हसत होती. ती सवयीने तोंडांकडे बघत बसली. तासभर बसली. एकही दात ओळखीचा नव्हता.

हे कुणाला सांगायचं आणि कुठल्या तोंडाने? नापास होऊन पुन्हा परीक्षा दिलेल्या नवऱ्याला? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून ती गालिच्यावरून भांडत होती, कपाटावरून भांडत होती. एखादं भांडण पुरेसं मोठं झालं तर त्याच्या आडोशाला जाणं मोडेल, अशी काहीतरी वेडी आशा तिला होती. पण मास्तर एवढा समजूतदार, की प्रत्येक भांडण यादीतली एक ओळ खोडून मिटवायचा.

खालून काठीने छत ठोकल्याचा आवाज आला. दोनदा. सासूबाई खालच्याच मजल्यावर राहायच्या. दोनदा ठोकलं म्हणजे दात टोचतोय. तिने हात पुसले, हत्यारांची पेटी घेतली आणि खाली गेली.

“वर काय फुटलं?” सासूबाईंनी विचारलं.

“काही नाही. बोलत होतो.”

“ऐकलं मी. आमच्या भाषेत किंचाळत होतीस. उच्चार सुधारले हो तुझे.”

“तोंड उघडा.”

तिने निळ्या कागदाची पट्टी त्यांच्या दातांमध्ये धरली. “चावा. आता डावीकडे.” कुठे जास्त दाब येतो तिथे निळा ठिपका उमटतो. खालच्या दाढेवर उमटला होता. कवळी काढून तिने ती जागा घासायला घेतली. सासूबाई बोळक्या तोंडाने गप्प बसून राहिल्या. ही संधी होती.

“आई, मी म्हणत होते,” ती कवळीकडे बघत म्हणाली. “वन्सं दिवसभर कामावर. तुम्हाला तिथे कोण असं लगेच घासून देणार? या वयात तुम्हाला टाकून जाणं मला काही बरं दिसत नाही.”

“हं.”

“तुम्ही एकदा तुमच्या मुलाला नुसतं म्हणालात ना, की जाऊ नका, तर तो ऐकेल.”

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. दात नसताना त्यांचं बोलणं इतर कुणाला कळायचं नाही, तिला कळायचं. तिचा धंदाच तो.

“सोळा वर्षांत मी एकदा तरी म्हटलं, जाऊ नका?”

“नाही.”

“का नाही म्हटलं? म्हटलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी सकाळी गेली असतीस.”

ती घासून झालेली जागाच पुन्हा घासायला लागली.

“आणि आता माझ्या तोंडून वदवून घेतेस. उद्या काही बिनसलं की म्हणशील, म्हातारीने अडकवलं, नाहीतर मी केव्हाच गेले असते. मी आणखी बारा वर्षं जगले तर बारा वर्षं ऐकवशील. मला दात नाहीत, अक्कल आहे. लेकीकडची खोली बघून आलेय मी. खिडकी आहे तिला. माझं नाव मध्ये घालू नकोस.”

“तसं नव्हतं माझं म्हणणं.”

“तसंच होतं. दे इकडे.”

कवळी बसवून त्यांनी दोनदा चावून बघितलं. “नाही टोचत,” म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ती बाहेर आली. जिन्याच्या चौथ्या पायरीवर थोरली बसली होती, गुडघ्यावर हनुवटी ठेवून.

“तू ऐकत होतीस?”

“दार उघडं होतं.” थोरली सरकली नाही. “आई, तुला जायचं नाहीये का?”

“असं कोण म्हणालं?”

“मग तू आजीला काय सांगत होतीस?”

तिने हातातली पेटी पायरीवर ठेवली. थोरलीने चपलेचा पट्टा ओढला, सोडला. “पाचवीपासून मी इथे कुणाशी जास्त मैत्री केली नाही, माहितीये? जायचंय म्हणून. एक मुलगी घरी बोलवायची सारखी, मी नाही गेले. म्हटलं, उगाच. आता काहीतरी एकच करा. कुठलं का असेना.”

“मला बोलली नाहीस कधी.”

“तू रडली असतीस. मग बाबांनी भांडी घासली असती.”

आपलेच दात, आपलेच ओठ. ती लेकीच्या शेजारी बसली, पायरी अरुंद होती म्हणून अर्धी भिंतीला टेकून. तिने भावाकडचा तो रंगवलेला मजला डोळ्यांसमोर आणला. पहिला आठवडा सगळं छान. मग एक दिवस कुणीतरी उणा शब्द बोलेल आणि तिच्या तोंडून निघेल, आमच्या तिकडे असं नव्हतं. फक्त तेव्हा तिकडे म्हणजे हे असेल. हा जिना, तो गळका नळ, बाजारातली हसणारी तोंडं. मास्तर पन्नाशीत पुन्हा कुठली तरी परीक्षा द्यायला निघेल. धाकट्याचे आणखी तीन निरोप होतील. ही तर हिशेबातूनच सुटेल, कॉलेजला जाईल, परत यायचीही नाही. आणि न जावं, तर एका माणसाने दोन वर्षं जे केलं ते पाण्यात घालायचं, आणि त्याच्या तोंडावर तसं सांगायचं. तिला जिन्याच्या दोन्ही भिंती खांद्यांना लागतायत असं वाटलं. खरं तर एकच लागत होती, दुसरीकडे थोरली होती.

वर मास्तर टेबलाशी बसून यादी नव्याने लिहीत होता. धाकटा आकडे घालून देत होता. तिला बघून मास्तर म्हणाला, “टेबल घेतलंय. सतरा नंबरला. आता खूश?”

“पेन खाली ठेव.”

“आता काय? गालिचा? तोही आहे.”

थोरली तिच्या मागोमाग येऊन दारात उभी राहिली. धाकट्याने तोंडातलं बोट काढलं.

“आपण जात नाही,” ती म्हणाली. “मला जायचं नाही. आईंसाठी म्हणून नाही, मुलांसाठी म्हणून नाही, मला जायचं नाही. वसंतापासून नाही, आणि मी तुला सांगितलं नाही. सामानवाल्याला आत्ता फोन करून उद्या येऊ नको म्हण. भावाला मी सांगते. आणि तुझा राजीनामा परत मागायला सकाळी मी तुझ्याबरोबर येते.”