बोकडाची गोळी आणि महालक्ष्मीचं पुरण

करमाळ्याहून निघाले तेव्हा वैशाख होता. बैलगाडीच्या दांडीला हात लावला तर चटका बसत होता, आणि मी जाड चादर पांघरून बसले होते. मांडीवर दोन महिन्यांचा श्रीधर. न्यायला आलेले तुमचे आजोबा घामानं निथळत माझ्याकडे बघत होते, की ही वेडी आहे का सोंग करतेय. आई वेशीपाशीच थांबली. देवीच्या माळाकडं बघून हात जोडले आणि मला म्हणाली, “पोराला अंगावरचंच पाज. कुनी काय बी सांगू दे.” रडली नाही. आगगाडीत मी जेऊर ते कुर्डुवाडी रडले आणि कुर्डुवाडी ते सोलापूर घोरले.

करमाळ्यात राहिलेल्या भाच्यांनो, आणि दूर देशी गेलेल्या नातींनो, तुम्ही विचारता ना, आजी नव्या गावात रुळली कशी? रुळले नाही. सूड उगवला, मग आपोआप बस्तान बसलं.

भवानी पेठेतलं घर दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की सगळी पेठ उठायची, मी सोडून. मला उठवत नसे. चेहरा सुजून पुरीसारखा झालेला, केस मुठीनं गळत, आवाज एखाद्या हवालदारासारखा, आणि सोलापूरच्या त्या उन्हात हुडहुडी. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “करमाळ्यानं आम्हाला अजगर दिलाय.” माझ्या बोलण्यातलं हाय-न्हाय त्यांना आधीच खुपत होतं, त्यात ही झोप. आणि मी? मी त्यांचं खरं मानायचे. देवापुढं बसून, माझा आळस काढ, असं मागायचे आणि मागता मागता डुलकी घ्यायचे. असा बावळट नग मी पुन्हा पाहिला नाही.

पण दूध आटायला लागलं तेव्हा धाबं दणाणलं. श्रीधर ओढून ओढून थकायचा आणि माझ्या तोंडाकडं बघत रडायचा. आषाढात आजोबांनी मला बायकांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझा गळा चाचपला, गुडघ्यावर टकटक करून पाहिलं आणि म्हणाल्या, आळस नव्हे, गळ्यातली थायरॉईडची गाठ काम करत नाही. त्याची गोळी रोज घ्यायची. मी विचारलं, “पाजू का?” त्या म्हणाल्या, “पाजायचंच. अंगात जे कमी पडलंय तेवढंच ही गोळी भरून काढते. बाळाला काही होत नाही. अंगावरचं तोडलंस तर मात्र मी रागावेन.”

गोळी कशाची, हे मीच विचारलं. त्यांनी खरं ते सांगितलं. मेंढीच्या गळ्यातली तीच गाठ वाळवून, कुटून करतात. आता शहाणीनं हे पोटात ठेवलं असतं. मी घरी आले आणि केवढी नवलाई सांगतेय अशा थाटात सासूबाईंनाच सांगितलं. वर कौतुकानं बाटली दाखवली.

मेंढीचा बोकड त्यांनी तिथल्या तिथं केला. घरात आजवर कांदासुद्धा चातुर्मासात शिजला नव्हता. उष्टावणाच्या आधी नातवाच्या पोटात मांस जातंय, सुनेचं दूध विटाळलं, असं म्हणून त्यांनी श्रीधरला माझ्या मांडीवरून उचललं आणि चांदीचं बोंडलं काढलं. त्या चोचीच्या वाटीनं त्याला गाईचं दूध पाजायला सुरुवात केली. आजोबा पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण वाचतही नव्हते.

गोळी मी सोडली नाही. ट्रंकेत लपवून घेत राहिले. खरं सांगते, मलाही भीती होतीच. एकदा श्रीधर ‘बॅ’ म्हणाला आणि मी त्याच्या डोक्यावर शिंगं चाचपली. हसा. पण हळूहळू माझी सूज उतरली, चादर सुटली, आणि दूध आलं. असं आलं की चोळी भिजून जायची. पलीकडच्या खोलीत पोर रडायचं, त्याला गाईचं दूध पचत नव्हतं, पोट धरून आक्रसायचा. आणि मी न्हाणीत उभी राहून त्याचं दूध दगडावर पिळायचे. मोरीतून पांढरं पाणी जाताना बघितलं, तेव्हा माझ्यातला अजगर जागा झाला.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी पुरण, सोळा भाज्या, जेवायला सवाष्णी, आणि घरात राबणारी बाई एकच, ती मी. सकाळी सासूबाईंनी आतून हाक मारली, डाळ शिजत टाक की. मी न्हाऊन, नेसून, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसले.

“माझ्या हातची डाळ देवीला कशी चालंल?” मी म्हणाले. “पोटात बोकड हाय माझ्या.”

त्या म्हणाल्या, वेडेपणा करू नकोस. मी म्हणाले, दूध विटाळलंय तर हात कसे चोख राहतील, ते बी त्याच अंगाचे. सोवळं त्यांचंच होतं, मी फक्त ते पुरतं पाळत होते. डाळ त्यांनी शिजवली. पाट्यावर पुरण वाटायला बसल्या. काखेत श्रीधर किंचाळतोय, चुलीवर भाज्या करपतायत, सवाष्णी यायला लागल्यात आणि मला विचारतायत, सूनबाई बाहेर का? मी सगळ्यांना गोड आवाजात कारण सांगत होते. आवाज परत आला होता ना.

शेवटी त्या बाहेर आल्या. कोपरापर्यंत पुरण. पोर माझ्या मांडीवर ठेवलं. “घे. आणि पाट्यावर बस.”

“आधी पाजते,” मी म्हणाले. “पण चालतं का, ते सांगा.”

“चालतं.”

“मोठ्यानं म्हणा की. देवीला ऐकू जाऊ दे.”

सवाष्णींसमोर त्या मोठ्यानं म्हणाल्या, “चालतं.” मी पदर घेतला आणि दोन्हीकडून, सावकाश, पोर झोपेपर्यंत पाजलं. आत काहीतरी जळाल्याचा वास येत होता. इतका सुंदर वास मी पुन्हा घेतला नाही. त्या वर्षी देवीनं जाडंभरडं पुरण खाल्लं.

म्हातारपणी माणसं माफ करतात म्हणे. मी केलेलं नाही. सासूबाई गेल्या, मी त्यांची सेवा केली, रडलेसुद्धा. पण मोरीतलं ते पांढरं पाणी मला अजून दिसतं.

परवा दूरच्या नातीनं फोन केला. तिलाही बाळंतपणानंतर तेच निघालंय. आता गोळीत मेंढी नसते म्हणे. घाबरत विचारत होती, आजी, पाजू ना? मी म्हणाले, “पाज. कुनी काय बी सांगू दे.” आणि फोन ठेवल्यावर कळलं, हे बोललं कोण.

मला विचारतात, तुमचं घर करमाळा की सोलापूर? आईची वेस करमाळ्यात राहिली, ती तशीच आहे. पण बाटली आता ट्रंकेत नसते. चांदीचं बोंडलं घासून लख्ख केलंय, त्यात ती उभी असते, सासूबाईंच्या फोटोसमोर. रोज सकाळी गोळी घेताना मी त्यांच्याकडं बघते आणि विचारते, चालतं ना? मग मीच मोठ्यानं म्हणते, चालतं. हे माझं घर.