मितव्यय, साकु आणि आप्पांची घंटा

माणूस म्हातारा झाला की त्याच्या गाठीला पैसा साठतो म्हणतात. माझ्या गाठीला किस्से साठले. त्यातले निम्मे मंदीच्या दिवसांतले, बेळगावातल्या आमच्या शाळेच्या मास्तरखोलीतले. पैसा कुणाकडंच नव्हता, पण खर्च कमी करायला ज्याचा त्याचा निराळा शब्द होता.

*

शास्त्रीबुवा संस्कृत शिकवायचे. त्यांचा शब्द 'मितव्यय'. घरी कोथिंबिरीचं देठसुद्धा वाया जाऊ न देणारा माणूस!

एकदा त्यांनी हा शब्द वर्गाला समजावून द्यायला घेतला. समास सोडवला, सुभाषितं लिहिली, फळा पुसून पुन्हा भरला. दोन दिवस हेच. मितव्यय शिकवताना बुवांनी वर्गाचा महिन्याचा खडू संपवला!

*

हेडमास्तरांचा शब्द कानडी, 'साकु'. म्हणजे पुरे. शाई मागा, साकु. नवा झाडू मागा, साकु. बोलणं तिथंच संपायचं.

खानापूरला एका मास्तरच्या लग्नात आम्ही मुद्दाम त्यांच्याच पंगतीला बसलो. जिलबीवाला त्यांच्या पानाशी चार वेळा येऊन गेला. आम्ही कान टवकारून होतो. तो शब्द काही त्यांना आठवला नाही!

*

ड्रॉइंगचे अण्णा शहापूरच्या विणकर घरातले. त्यांच्याकडं शब्द नव्हता, रीत होती. "आमच्यात मागावरचा ताणा सरत आला की नवा त्याच्याच टोकांना गाठवायचा. काय बी टाकायचं न्हाय," असं ते सांगायचे.

मग त्यांनी पेन्सिलींचे दोन-दोन तुकडे सुतानं आवळून जोडायला सुरुवात केली. हेडमास्तर खूश. आठवड्याभरानं अण्णांचा थोरला भाऊ शाळेत आला. घरातली सुताची रिळं कुठं जातात, ते बघायला!

*

एवढ्यात वरून कागद आला. त्यातला शब्द इंग्रजी, 'रिट्रेंचमेंट'. शिपायाची जागा रद्द करा, नाहीतर ग्रँट बंद.

शिपाई एकच, घंटा वाजवणारे आप्पा. वीस वर्षांची नोकरी, घरी खाणारी सहा तोंडं. कागदाचा अर्थ सांगायचं काम माझ्यावर आलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी मला कमी केलं, व्हय मास्तर?" मला फार वाईट वाटलं. त्यांच्याकडं बघवेना.

त्या दुपारी मास्तरखोलीत चहा आला. चहाशिवाय ज्यांचं पान हलत नसे, त्या शास्त्रीबुवांनीच पहिल्यांदा कप खाली ठेवला. उद्यापासून चहा बंद, ते पैसे आप्पांना, असं ठरलं. हेडमास्तर तेवढ्याला साकु म्हणाले नाहीत. आपल्या पगारातला वाटा त्यांनी सगळ्यांत मोठा टाकला.

कागदावर आप्पा गेले आणि घंटा मास्तर पाळीपाळीनं वाजवू लागले. प्रत्यक्षात आप्पा जागच्या जागी होते, घंटाही तेच वाजवत. मात्र हे उघड झालं असतं तर ग्रँट गेली असती आणि हेडमास्तरांची खुर्चीही.

*

पुढच्या फेब्रुवारीत तपासणीचे साहेब आले. आप्पांना आम्ही मागच्या लाकडाच्या खोपटात बसवलं आणि काही झालं तरी बाहेर यायचं नाही म्हणून बजावलं.

त्या दिवशी घंटेची पाळी शास्त्रीबुवांची होती. साहेब वर्गात बसले म्हटल्यावर बुवांना चेव आला. मधल्या सुट्टीची वेळ झाली, पाच मिनिटं वर गेली, दहा गेली, बुवांचं आपलं चालूच. शेजारच्या वर्गात माझा जीव वरखाली होत होता.

आणि घंटा झाली! नेहमीसारखी, ठणठणीत. वीस वर्षांत आप्पांनी घंटा कधी चुकू दिली नव्हती. खोपटात त्यांना बसवेना.

साहेब व्हरांड्यात आले. मागून हेडमास्तर आले. आप्पा हातात घंटेचा हातोडा घेऊन उभे.

साहेबांनी विचारलं, "तू कोण?"

आप्पांनी हातोडा खाली ठेवला आणि हात जोडले. "मी हितं न्हाय, साहेब. मला जूनातच कमी केलंय."

साहेबांनी आप्पांकडं पाहिलं, आम्हा सगळ्यांकडं पाहिलं आणि ते ऑफिसात गेले. संध्याकाळी ते गेल्यावर हेडमास्तरांनी शेऱ्यांचं बुक उघडलं.

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'घंटा नियमित होते. वाजवणारा कोणी आढळला नाही.'