मागच्या दारातलं ताट

माझी सासू आमच्याकडे पाठ करून जेवायची. सगळ्यांचं झालं की ताट घेऊन मागच्या दारात बसायची, तोंड परसाकडे. म्हातारपणी लागलेल्या या खोडीने माझं डोकं उठवलं होतं. मला ती बाई आवडत नव्हती. ती गेली म्हणून आता खोटं बोलणार नाही.

तिला तांदळाची जाड, गरम भाकरीच हवी असायची. भात जरा मऊ झाला की ताट सरकवायची. पेजेचं नाव काढलं तर म्हणायची, "मी काय आजारी हाय?" बरं, वाढलेली भाकरी संपायची. तरी बाई वाळत चालली होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. आमच्या कोंबड्या मात्र अशा माजल्या होत्या की त्यांना धड पळता येत नव्हतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शेजारणींनी विचारलं की ती म्हणायची, "सून घालील ते खायाचं." तक्रार अशी नाहीच, पण सुस्कारा असा सोडायची की ऐकणारीने मला शिव्या घालाव्यात. सापगावच्या गिरणीत बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

मग मुरबाडहून नणंद आली. आईचा दंड चाचपून मला म्हणाली, "वयनी, आयेला उपाशी मारतेस काय गो?"

माझं टाळकं सटकलं. मी म्हातारीला भाकरी वाढली, तिला मागच्या दारात बसू दिलं, आणि नणंदेला हाताला धरून घराला वळसा घालून थेट तिच्यासमोर नेलं. म्हातारी भाकरीचे तुकडे कोंबड्यांना टाकत होती. एक तुकडा तोंडात नुसता घोळवत होती. आमच्याकडे बघून तिने तोंड उघडलं तेव्हा आत एकही दाढ दिसली नाही.

"सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

तिने हातातला तुकडाही कोंबड्यांना टाकला. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर पेजेवर टाकलं असतंस. माझ्या सासूला मीच टाकली व्हती. मंग तिला कोन जेवाया हाकपन मारी ना. महिन्यात गेली."

नणंद रडली. मला संतापच आला. पेजेच्या भीतीपायी या बाईने मला गावभर हडळ ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी भाकरी डाळीत कुस्करून, वर उकडलेलं अंडं मोडून ताटातच वाढू लागले. अंडी त्याच माजलेल्या कोंबड्यांची. "ही भाकरीच आहे," मी दरडावायचे. "मीठ नाय," म्हणत ती ताट पुसून खायची. आता तोंड आमच्याकडे असायचं. बांगड्या मनगटावर थांबल्या, अंगात जोर आला, आणि पुढे कितीतरी वर्षं ती माझ्याशी भांडली. गिरणीतल्या बायकांना खरं काय ते मात्र तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

परवा माझी शेवटची दाढ पडली. दुपारी जेवताना पाहते तर मी ताट घेऊन मागच्या दाराकडे निघाले होते. स्वतःचाच राग आला. परत फिरले आणि सुनेला सरळ सांगितलं, "मला आता भाकरी चावत नाही गो."

पोर गुणाची आहे. तव्यावरची भाकरी उलटत मायेने म्हणाली, "मग उद्यापासून पेज करू का, आई?"



"मी काय आजारी हाय?" मी म्हणाले.