डोमाभाऊंनी जुळवलेली नोकरी

डोमाभाऊ कोणाच्याही घरी गेले, की आधी मागच्या दारी जायचे. विहिरीत डोकवायचे, गोठ्यातल्या बैलांच्या फासळ्या न्याहाळायचे, रांजणातलं पाणी तोंडात घोळवून पाहायचे आणि मगच ओसरीवर येऊन "रामराम" म्हणायचे. आमच्या चंद्रपूर जिल्ह्याला तेव्हा चांदाच म्हणत. नागभीडच्या आसपासच्या गावांतल्या निम्म्या सोयरिकी भाऊंनी जुळवलेल्या. ते दिसले की घरोघरच्या लग्नाच्या पोरी आत पळायच्या आणि म्हाताऱ्या चहा टाकायच्या. आमच्या घरी लग्नाचा मी एकटाच होतो. पण मला बायको नको होती, नोकरी हवी होती.

मॅट्रिक होऊन वर्ष उलटलं होतं. बाबांनी सांगून टाकलं होतं, "धान कापाले येईपर्यंत वाट पाह्यतो. मंग इळा धर." आदल्या हंगामात मी विळा धरला होता आणि धानाआधी स्वतःचा अंगठा कापून घेतला होता. धानाच्या बांधीत कापणी करणाऱ्या बाया त्यानंतर मला पाहिलं की आपापले अंगठे मुठीत लपवायच्या. म्हणून मी अर्जामागून अर्ज पाठवत होतो, आणि एकाचंही उत्तर येत नव्हतं.

एकदा भाऊंनी मला नवा अर्ज मोठ्याने वाचायला लावला. "मी अत्यंत गरीब, निराधार, आपल्या चरणांची धूळ..." इथवर आलो आणि त्यांनी हात वर केला.

"भीक मांगून राह्यला का सोयरीक करून राह्यला?"

"नोकरी मांगून राह्यलो, भाऊ."

"मंग निराधार काऊन? बाप जित्ता बसला आहे समोर! असं लिवलं तं कोनी पोट्टी देईल का? कागद घे. मी सांगतो तसं लिव."

भाऊंना सोयरिकीची एकच भाषा येत होती, आणि तिच्यातच अर्ज उतरला. 'घराणे धान पिकवणारे. घरची पाण्याची बोडी आहे, बोडीत मासे आहेत. मुलगा सावळा पण तरतरीत. बेरीज चुकत नाही. अक्षर कसे आहे ते समोरच दिसते आहे.' मी लाजून लाल झालो, पण लिहीत गेलो.

"आता एक खोट सांग," भाऊ म्हणाले.

"खोट कायले सांगाची?"

"एक खोट आपनच सांगाची. नाई सांगतली तं पाहुना शोधते, अन् मोठी शोधते." मग माझ्या आईकडे वळून त्यांनी विचारलं, "बाई, याची खोट काय?" आईने क्षणाचाही विचार केला नाही. अर्जात ओळ पडली: 'मुलगा जेवायला बसला की लवकर उठत नाही.'

शेवटी ओळखीच्या माणसाचं नाव द्यायचं होतं. मी पाटलांचं लिहिलं. भाऊंनी ते खोडायला लावलं. "पाटील सगळ्याईलेच चांगला म्हन्ते. त्याचं कोन आयकते? खुशालचं नाव टाक."

खुशालकाका म्हणजे आमचे शेजारी. दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचं नि बाबांचं असं बिनसलं होतं, की त्यांचा कोंबडा आमच्या अंगणात आला तर बाबा त्याच्याकडेही पाठ फिरवून बसत. नाव ऐकताच बाबा उठून निघून गेले.

"शहाना मानूस सोयरिकीत दुश्मनाच्याच घरी पुसाले जाते," भाऊ शांतपणे म्हणाले. "तं मंग आपनच त्याचं घर दाखवावं." मी नाव लिहिलं, आणि मला कोपऱ्यातला विळा स्पष्ट दिसू लागला.

एवढ्यावर थांबतील तर ते डोमाभाऊ कसले! अर्ज टाकण्याआधी ते स्वतः कचेऱ्या पाहायला निघाले. एका कचेरीला त्यांनी माझ्या वतीने परस्पर नकारही देऊन टाकला. "तिथचा हेडकारकून बोलता बोलता दौत आपटते. आपलं पोट्टं मी तिथी नाई देत." मला कोणी घ्यायला तयार नव्हतं आणि हे गृहस्थ नकार देत फिरत होते! मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना चामोर्शीच्या पुढचा सरकारी लाकडाचा डेपो मात्र पसंत पडला. "पानी गोड आहे. चपराशी हासून बोलते. साहेब जेवाले बसला तं कुत्र्याले पयले तुकडा टाकते. हे घर चांगलं आहे." अर्ज तिथे गेला.

आणि धान पिवळं पडत असताना एका दुपारी साहेब स्वतःच आमच्या दारात उभे! नागभीडला मालगाडीच्या डब्यांचं काही काम होतं, आणि असा अर्ज करणारं घर एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून ते वाट वाकडी करून आले होते.

भाऊंनी मग काही बाकी ठेवलं नाही. माझ्या डोक्यावर तेल थापलं, हातात पोह्यांची बशी दिली आणि मला साहेबांपुढे ढकललं. "चालून दाखव. पाय सरळ आहेत, पाहून घ्या साहेब. भजन बी म्हन्ते. म्हन रे!" मी म्हटलं. माझा आवाज ऐकून गोठ्यातली म्हैस ओरडली, आणि मी थांबलो तरी ती थांबेना. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला. मग डोळे पुसत ते उठले आणि म्हणाले, "ते खुशालराव कुठे राहतात?"

साहेब कुंपणापलीकडे गेले. आम्ही सगळे कुडाला कान लावून उभे राहिलो, बाबासुद्धा. खुशालकाका मुद्दाम बाबांना ऐकू जाईल असं ओरडून सांगत होते.

"बाप म्हनान तं एक नंबरचा भांडखोर! धुरा खाल्ला माहा!" मी बाबांचा हात धरून ठेवला. "पन पोट्ट्याले नाव नाई ठेवत. मी याच्या बापाले शिव्या देऊन राह्यलो होतो तं हे पोट्टं लोटा घेऊन आलं. म्हने, काका, पयले पानी प्या, घसा सुकला तुमचा."

साहेब हसतच परतले. "लवकर पाठवा," म्हणाले, "आमच्याकडे जेवण भरपूर असतं." संध्याकाळी खुशालकाकांचा कोंबडा आला तेव्हा बाबांनी त्याला मूठभर धान टाकलं.

मला पोचवायला भाऊ डेपोपर्यंत आले. बैलांच्या दमनीत सारा रस्ता उपदेश चालला होता, आणि वैनगंगा ओलांडताना डोंग्यातही. डेपोच्या फाटकात त्यांनी साहेबांपुढे हात जोडले आणि म्हणाले, "पोट्टं साधं आहे आमचं. चुकलं तं समजून घेजा." लाकूड मोजणारे मजूर खुदूखुदू हसत होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, आणि रडूही येत होतं.

दिवाळीला भाऊ पुन्हा फाटकात हजर! "पयली दिवारी आहे, साहेब. पोराले न्यायले आलो." साहेबांनी गंभीर चेहऱ्याने रजा दिली. पुढे ती रीतच पडली. दर दिवाळीला भाऊ यायचे, आधी डेपोच्या विहिरीत डोकवायचे, मग मला अंगाने भरलो की वाळलो ते पाहायचे.

एका वर्षी पावसाळ्यात भाऊ तापाने गेले. मला निरोप उशिरा मिळाला, आणि मी कोणाला काही सांगितलं नाही. दिवाळी तोंडावर आली तरी रजा मागायला माझी जीभ उचलेना. साहेब सकाळपासून फाटकाकडे पाहत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "यंदा भाऊ आले नाहीत अजून?"

मी सांगितलं. साहेबांनी डेपोची दमनी जुंपायला लावली आणि स्वतः माझ्याबरोबर नदीपर्यंत आले. मी डोंग्यात बसलो. काठावरून नावाड्याला ते म्हणाले, "जपून ने रे, मुलगा आमच्या घरचा आहे." आणि मला म्हणाले, "भाऊबीज झाली की मी न्यायला येतो."